टेलीलेन्सचे फोटो सॉफ्ट येतात? लेन्स विकायला काढण्याआधी हे तपासा

ट्रेकवर प्राण्या-पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडला की डोळ्यातली चमक गायब, पिसं एकमेकांत मिसळलेली, अंगावरचे केस पुसट. मग पुढच्या वेळी शटर स्पीड वाढवून बघायचा, त्यानंतरच्या वेळी ट्रायपॉड खांद्यावरून वाहून न्यायचा, आणि तरीही जमलं नाही की लेन्सवर खापर फोडायचं. नवी लेन्स येते. भर दुपारी दरीपलीकडचा प्राणी तिच्यातूनही तितकाच पुसट येतो.

‘फोटो शार्प नाही’ या एका वाक्याखाली पाच-सहा वेगळे बिघाड दडलेले असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. हात हलून बिघडलेला फोटो वेगवान शटरने सुधारतो. तापलेल्या हवेने बिघडवलेला फोटो कितीही वेगवान शटरने सुधारत नाही. पण प्रत्येक बिघाड फोटोत आपली वेगळी खूण ठेवून जातो. ती खूण वाचता आली तर पुढच्या ट्रेकला नेमकं काय बदलायचं ते कळतं. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी बिघडलेले फोटोच नीट बघायचे. ते डिलीट करून टाकले असतील तर पुरावाच नाहीसा झाला म्हणायचा.

फोटो कसा बघायचा

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या, सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग शून्यावर आणा आणि फोटो १०० टक्क्यांवर बघा, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येईल. २०० किंवा ३०० टक्क्यांवर बघून रडण्यात अर्थ नाही. तिथे जगातली सगळ्यात महागडी लेन्ससुद्धा सॉफ्ट दिसते. मग या क्रमाने शोधा:

– फ्रेममध्ये कुठेतरी काहीतरी शार्प आहे का? प्राण्याच्या पुढचं गवत किंवा मागची फांदी कोरल्यासारखी स्पष्ट असेल तर फोकस चुकलाय.
– पक्षी बसलाय ती फांदी स्पष्ट आहे, पायही स्पष्ट आहेत आणि फक्त डोकं किंवा पंख पुसट आहेत? मग पक्षी हलला.
– डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका, दवाचे थेंब, पानांवरच्या चमका हे सगळे एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसतात? मग कॅमेरा हलला.
– कुठेच काही शार्प नाही, ओढल्याची दिशा नाही, कडा लाटांसारख्या वाकड्या आहेत आणि एकाच बर्स्टमधली (बटण दाबून ठेवून सलग काढलेल्या फोटोंमधली) प्रत्येक फ्रेम वेगळ्या तऱ्हेने बिघडलीये? ही हवेची करामत.
– सगळ्या फ्रेम सारख्याच फिक्या आहेत, उजेडाच्या भोवती दुधट वलय आहे? काचेवर काहीतरी आहे.
– बाह्यरेषा ठीक आहे, पण आतले केस-पिसं मेणासारखी गुळगुळीत झालीयेत? नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे, म्हणजे नॉइज, पुसणारी प्रक्रिया) आणि अती क्रॉप (फोटो खूप कापून मोठा करणं).

दोन-तीन बिघाड एकत्रही येतात, विशेषतः संध्याकाळी. पण एक बहुतेक वेळा वरचढ असतो आणि आधी त्यालाच पकडायचं.

कॅमेरा हलला असेल तर

फोकल लेंग्थ (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) उलटी करून शटर स्पीड ठरवायचा जुना नियम सगळ्यांना माहीत असतो: ४०० मिमी लेन्स, तर किमान १/४०० सेकंद. हा नियम फिल्मच्या काळातला आणि ३५ मिमीच्या फ्रेमसाठीचा. १.५ पट क्रॉप असलेल्या, म्हणजे ३५ मिमीच्या फ्रेमहून तेवढ्या पटीने लहान सेन्सरवर तोच हिशेब १/६०० होतो. शिवाय आजच्या सेन्सरवर पिक्सेल इतके दाट असतात आणि आपण फोटो इतका मोठा करून बघतो, की याच्याही दुप्पट वेग धरावा. चढ चढून आल्याआल्या धाप लागलेली असताना, पाठीवर सॅक असताना, मी तर १/१००० च्या खाली जायचा विचारच करत नाही. दमलेल्या माणसाचा हात किती हलतो याचा अंदाज त्या माणसाला स्वतःला कधीच येत नाही.

स्टॅबिलायझर असताना इतका वेग कशाला, असं विचारलं जातं. स्टॅबिलायझर फक्त तुमचं हलणं कमी करतो. तो प्राण्याला थांबवू शकत नाही, आणि पाकिटावर लिहिलेले चार-पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) ठरावीक चाचणीतले असतात, वाऱ्यात एका पायावर तोल सांभाळणाऱ्या माणसावरचे नव्हेत. शटर अर्धं दाबल्यावर त्याला स्थिर व्हायला अर्धा-एक सेकंद द्या. एकदम बटण दाबलं तर पहिली फ्रेम हमखास वाया जाते. तीन-चार फ्रेमच्या छोट्या बर्स्टमध्ये दुसरी किंवा तिसरी सर्वात शार्प निघते, कारण बटण दाबण्याचा धक्का पहिलीने खाल्लेला असतो.

आधाराचं म्हणाल तर ट्रायपॉड नसल्याने काही अडत नाही. सॅक दगडावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. लेन्स थेट दगडावर टेकवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं, कारण सॅक थोडी दबते आणि लेन्सला घट्ट धरते. ट्रेकिंग पोलच्या मुठीवर हात ठेवून त्यावर लेन्स ठेवली तर बऱ्यापैकी मोनोपॉड होतो. झाडाला खांदा टेकवा, बसून कोपरं गुडघ्यांच्या आत घ्या, श्वास अर्धा सोडून थांबवा.

ट्रायपॉड असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. मधली दांडी वर काढू नका, तिच्यामुळे तीन पायांचा फायदा अर्धा होतो. आणि कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यात फडफडू देऊ नका. वजन म्हणून सॅक खाली लटकवणार असाल तर ती जमिनीला हलकेच टेकू द्या. हवेत झोके घेणारी सॅक ट्रायपॉडला आणखी हलवते. जुन्या लेन्सचा स्टॅबिलायझर ट्रायपॉडवर बंद करावा लागतो, नाहीतर तो नसलेलं हलणं शोधत बसतो आणि स्वतःच फोटो हलवतो. नव्या लेन्स बहुधा हे ओळखतात, तरी आपल्या लेन्सचं माहितीपुस्तक एकदा वाचून ठेवावं.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात एक चोरटा प्रकार आहे. साधारण १/६० ते १/२५० या टप्प्यात यांत्रिक शटरच्या पडद्याचाच हादरा फोटोत उतरतो, आणि सगळं जागच्या जागी असूनही बारीक दुहेरी कडा दिसतात. मेनूत ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’ हा पर्याय असेल तर तो सुरू करा, हे दुखणं जातं. पूर्ण इलेक्ट्रॉनिक म्हणजे मूक शटर वापरायचा मोह होतो, कारण प्राणी दचकत नाही. बसलेल्या प्राण्यासाठी तो उत्तमच. पण बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचले जातात, त्यामुळे उडणाऱ्या पक्ष्याचे पंख केळीसारखे वाकतात.

प्राणी हलला असेल तर

इथे थोडा हिशेब मांडला की डोळे उघडतात. प्राणी सावकाश, सेकंदाला एक मीटर वेगाने, आपल्यासमोरून आडवा चाललाय. अंतर ३० मीटर, लेन्स ४०० मिमी. सेन्सरवर त्याची प्रतिमा सेकंदाला सुमारे १३ मिमी सरकते. १/२५० सेकंदात ती ०.०५ मिमी सरकेल. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००३९ मिमीचा असतो, म्हणजे फोटो तेरा-चौदा पिक्सेल ओढला गेला. रमतगमत चालणाऱ्या प्राण्याची ही कथा! १/१००० वर हाच आकडा तीन-साडेतीन पिक्सेलवर येतो आणि १/२००० वर दोनच्या आत.

म्हणून माझी ढोबळ गणितं अशी: चरणारा किंवा बसलेला प्राणी १/५००, चालणारा १/१०००, पळणारा प्राणी किंवा उडणारा मोठा पक्षी १/२०००, आणि छोटे चपळ पक्षी १/३२०० च्या पुढे. छोटे पक्षी बसलेले असतानाही मान सतत झटक्याने वळवतात, त्यामुळे ‘बसलाय तर १/२५० चालेल’ हा भ्रम आहे. उजेड नसेल तर दुसरा मार्ग धीराचा. दोन झटक्यांच्या मध्ये मान क्षणभर थांबते, चरणारा प्राणी मध्येच डोकं वर करून स्तब्ध होतो. लय ओळखून त्या क्षणी बर्स्ट मारला तर १/२५० वरही एखादी फ्रेम मिळून जाते. पण ती मिळाली म्हणून सेटिंग बरोबर होतं, असं समजू नये.

एवढा वेग म्हटलं की आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते सेटिंग) चढतो आणि लोक घाबरतात. नॉइज नंतर बराच कमी करता येतो, हललेला फोटो स्थिर करता येत नाही. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, शटर स्पीड आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफ/ पुढचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान) तुम्ही ठरवा, आयएसओ ऑटोवर सोडा. आणि कमी आयएसओवर काळोखा फोटो काढून कॉम्प्युटरवर उजळवला की नॉइज वाचतो, ही समजूत सोडून द्या. सेन्सरवर उजेडच कमी पडलेला असतो, तो नंतर कुठून येणार?

फोकस चुकला असेल तर

४०० मिमी लेन्स, एफ/५.६, क्रॉप सेन्सर, प्राणी १० मीटरवर. या मांडणीत शार्प दिसणारा पट्टा पुढे-मागे मिळून जेमतेम १४ सेंटिमीटरचा असतो. डोळ्याऐवजी खांद्यावर फोकस बसला तर डोळा गेलाच. त्यामुळे ‘फोकस लागला होता, हिरवा चौकोन दिसला होता’ या साक्षीला फारसा अर्थ नाही. तो कशावर लागला होता?

जंगलात ऑटोफोकसचा शत्रू म्हणजे प्राण्याच्या पुढचं गवत आणि काटक्या. मोठा, आपोआप निवडणारा फोकस-विभाग ठेवला की कॅमेरा सहसा सर्वांत जवळची, जास्त कॉन्ट्रास्ट असलेली वस्तू धरतो, आणि ती काटकी असते. झाडीतल्या प्राण्यासाठी एकच छोटा पॉइंट, मोकळ्या आकाशातल्या पक्ष्यासाठी मोठा विभाग, अशी अदलाबदल एका बटणावर आणून ठेवा. प्राण्यांचे डोळे ओळखणारा ऑटोफोकस २०१९ नंतर मिररलेस कॅमेऱ्यांत झपाट्याने पसरला आणि त्याने खरोखर काम सोपं केलं. पण डोळ्यावरून एक गवताची पात गेली की तोही पातीवर उडी मारू शकतो.

शटरच्या बटणावरून फोकस काढून मागच्या बटणावर न्या, असा सल्ला सगळे देतात. मीही देतो, वेगळ्या कारणासाठी. कंटिन्युअस (सतत लागत राहणाऱ्या) फोकसमध्ये प्राणी थांबला की अंगठा उचलायचा, फोकस तिथेच गोठतो, मधून गवत डोललं तरी पळत नाही. प्राणी चालू लागला की अंगठा पुन्हा दाबायचा. मोड बदलायची भानगडच उरत नाही.

मेनूतली एक गोष्ट फार कमी जण बघतात. कंटिन्युअस मोडमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांचं मूळ सेटिंग ‘रिलीज प्रायॉरिटी’ असतं. म्हणजे फोकस लागो न लागो, बटण दाबलं की फोटो निघणार. बर्स्टमधल्या पहिल्या दोन फ्रेम नेहमी फोकसबाहेर आणि पुढच्या ठीक, असं दिसत असेल तर संशयित हाच. ते ‘फोकस प्रायॉरिटी’वर किंवा मधल्या पर्यायावर आणून बघा. वेग थोडा कमी होईल.

लेन्सवरचा फोकस लिमिटरचा खटकाही तपासा. दूरच्या प्राण्यासाठी तो दूरच्या टप्प्यावर असला की लेन्स जवळच्या अंतरांत भटकत नाही, फोकस पटकन लागतो. पण तसाच राहिला आणि पायाशी फुलपाखरू आलं, तर लेन्स फोकसच करणार नाही आणि आपण ती बिघडली म्हणून घाबरू.

टेलीकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, फोकल लेंग्थ वाढवणारी जोड-काच) लावणाऱ्यांसाठी: १.४ पटचा एक स्टॉप उजेड खातो, दोन पटचा दोन. एफ/५.६ ची ४०० मिमी लेन्स दोन पट कन्व्हर्टरने ८०० मिमी होते, पण एफ/११ ची. बऱ्याच डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा) ऑटोफोकस एफ/५.६ किंवा फार तर एफ/८ पर्यंतच भरवशाचा असतो. त्यापेक्षा कन्व्हर्टर काढून क्रॉप केलेला फोटो अनेकदा सरस निघतो.

हवा आडवी आली असेल तर

सगळं बरोबर करूनही फोटो सॉफ्ट येतात अशा तक्रारींच्या मुळाशी सर्वाधिक वेळा हेच निघतं, आणि हेच सगळ्यात शेवटी सुचतं. लेन्स बदलून, कॅमेरा बदलून लोक थकतात, पण मधली दोनशे मीटर हवा तीच राहते.

उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते, गरम हवेचे लोळ वर चढतात आणि त्यांच्या जागी थंड हवा घुसते. हवेचा अपवर्तनांक (ती प्रकाश किती वळवते त्याचं माप) साधारण १.०००२९ असतो आणि तापमान दहा अंशांनी बदललं तर तो दशांशानंतरच्या पाचव्या स्थानावर बदलतो. ऐकायला नगण्य. पण प्रकाशकिरण अशा शेकडो गरम-थंड लोळांतून येतो आणि प्रत्येक ठिकाणी किंचित वळतो. लांब अंतर आणि लांब लेन्स असली की ते वळणं फोटोत दिसतं. तारे लुकलुकतात तेही याच कारणाने. खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणी उंच डोंगरांवर नेतात त्यामागे डोक्यावरची हवा कमी करण्याचाही हेतू असतो.

हवा दोषी आहे का हे तपासायला मिनिटभर लागतं. कॅमेरा सॅकवर किंवा ट्रायपॉडवर टेकवा, प्राण्याच्याच अंतरावरचा एखादा दगड धरा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) चित्र पूर्ण मोठं करा आणि हात काढून नुसतं बघत राहा. दगडाच्या कडा वळवळताना दिसल्या तर निदान झालं. व्ह्यूफाइंडरमधून छोट्या चित्रात हे जाणवत नाही, म्हणूनच लोक फसतात. किंवा त्याच दगडाची दहा फ्रेमची बर्स्ट घ्या. दगड हलत नाही, कॅमेरा हलत नाही, तरी प्रत्येक फ्रेममध्ये कडेचा आकार वेगळा, म्हणजे मध्ये काहीतरी हललं.

इथे शटर स्पीड वाढवण्याचा उपयोग जवळपास शून्य. १/४००० वर थरथर गोठते खरी, पण वाकडी झालेली कड वाकडीच गोठते. मोठी लेन्स आणली तर थरथरही मोठी होते. सॉफ्टवेअरमधलं ‘डीहेझ’ही इथे चालत नाही. ते धुक्या-धुळीने उतरलेला कॉन्ट्रास्ट भरून काढतं, आणि तो वेगळा प्रकार आहे. दूरची डोंगररांग निळसर फिकी दिसते त्यावर डीहेझ बऱ्यापैकी लागू पडतं. थरथरत्या हवेत जो तपशील सेन्सरपर्यंत पोचलाच नाही, तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. चित्र काढून देतं, ते वेगळं.

मग करायचं काय? वेळ बदलायची. पहाट ते सूर्योदयानंतरचा साधारण तासभर हवा सर्वात शांत असते. ढगाळ दिवस त्याहून चांगला. संध्याकाळचा प्रकाश कितीही सोनेरी असो, दिवसभर तापलेली जमीन सूर्य कलल्यावरही उष्णता सोडत राहते, म्हणून दूरच्या फोटोला पहाट आणि संध्याकाळ सारखी धरू नये.

नजरेची रेषाही बदलता येते. उघडा कातळ, वाळू, कोरडी माती यांच्यावरून जाणारी रेषा सगळ्यात वाईट. गवत आणि झाडीवरून जाणारी बरी. आणि इथे एक पेच आहे. प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवरून, जमिनीवर पालथं पडून फोटो काढा, असं सगळे शिकवतात आणि चित्र म्हणून ते बरोबरच आहे. पण जमिनीलगतची हवाच सर्वाधिक तापलेली असते. प्राणी २० मीटरवर असेल तर खुशाल झोपा. १०० मीटरवर असेल आणि ऊन असेल, तर उठून उभे राहा किंवा थोडं चढून वरून काढा. डोळ्याच्या पातळीचा परिणाम त्या अंतरावर तसाही फारसा उरत नाही.

थंडीत हे होत नाही असं मानू नका. पहाटे तळ्याचं पाणी हवेपेक्षा गरम असतं, पाण्यावरून पलीकडच्या काठाचा फोटो काढताना तीच थरथर येते. उन्हातल्या बर्फावरूनही येते. आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे तुमची स्वतःची लेन्स. उबदार तंबूतून किंवा गाडीतून काढून थेट थंड हवेत रोखली, की गरम काच आणि नळी आपल्या तोंडाशीच गरम हवा सोडत राहते आणि लांब लेन्स हुड (लेन्सच्या तोंडावरची नळीसारखी टोपी) ती कोंडून ठेवतो. दोनच मीटरवरचा फोटोसुद्धा सॉफ्ट येतो. मोठ्या लेन्सला बाहेरच्या तापमानाला यायला अर्धा तास द्या, तोवर हुड काढून ठेवा. गाडीची काच खाली करून फोटो काढताना आतला हीटर बंद असू द्या. खिडकीतून बाहेर पडणारी गरम हवा नेमकी लेन्ससमोरूनच जाते.

एवढं करूनही हवा मानत नसेल तर मोठी बर्स्ट घ्या आणि वाट बघा. लोळांच्या मध्ये एखादा शांत क्षण येतो, पंचवीस फ्रेममध्ये एखादी बरी निघते. किंवा प्राणी छोटा ठेवून भोवतालासकट रुंद फोटो काढा, जिथे पिसं मोजायची कुणाला गरज पडत नाही.

काचेवर काही असेल तर

थंडीतून उबेत आल्यावर काचेवर बाष्प धरतं. आत शिरण्याआधी कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत घाला, बाष्प पिशवीवर धरेल. टेलीलेन्सवरचा स्वस्त संरक्षक फिल्टर काढून एकदा तोच फोटो घेऊन बघा, लांब फोकल लेंग्थला फरक उघड दिसतो. संरक्षणाचं काम हुडही करतो. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) चुकून लेन्सवर राहिला असेल तर तो दीड-दोन स्टॉप उजेड खातोय आणि तेवढाच शटर स्पीड पडतोय.

निसर्गदृश्यं सॉफ्ट येत असतील तर

ही तक्रार वेगळी आणि तिचं कारण बहुधा उलटं असतं: सगळं शार्प यावं म्हणून ॲपर्चर एफ/२२ वर नेलेलं असतं. छिद्र जितकं लहान तितका प्रकाश जास्त पसरतो. बिंदूचा बिंदू न राहता चकती होते. जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये तिचं गणित मांडलं म्हणून तिला एअरी चकती म्हणतात. हिरव्या प्रकाशात एफ/८ वर तिचा व्यास सुमारे ११ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), एफ/१६ वर २१ आणि एफ/२२ वर जवळपास ३०. शेजारी ३.९ मायक्रॉनचा पिक्सेल ठेवून बघा. एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान थांबावं हे उत्तम.

जवळचं आणि दूरचं दोन्ही शार्प हवं असेल तर फोकसची जागा बदला. फुल फ्रेमवर (३५ मिमीच्या सेन्सरवर) २४ मिमी लेन्स एफ/११ ला ठेवली तर हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केलं की अनंतापर्यंत शार्प दिसतं असं सर्वांत जवळचं अंतर) पावणेदोन मीटर येतं आणि तक्त्यांप्रमाणे ०.९ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प. पण हे तक्ते छोट्या प्रिंटचा निकष धरतात, मोठ्या पडद्यावर दूरचे डोंगर जरा ढिले दिसतात. त्याऐवजी साडेतीन मीटरवर फोकस करा. जवळची हद्द ०.९ वरून १.२ मीटरवर जाते, म्हणजे पुढची ३० सेंटिमीटर गेली. बदल्यात दूरच्या डोंगरांचा धूसरपणा निम्मा होतो. सौदा चांगला आहे. आणि दगड शार्प पण झाडं पुसट असतील तर तो वारा आहे, ट्रायपॉडचा त्यात दोष नाही. आयएसओ वाढवून शटर वेगवान करा.

प्राणी मुळातच लांब असेल तर

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या नियमानुसार अस्वल आणि लांडग्यांपासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर दूर राहावं लागतं. त्या अंतरावर ४०० मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेल क्रॉप सेन्सरची फ्रेम सव्वापाच मीटरच्या आसपास रुंद असते. पावणेदोन-दोन मीटर लांबीचं अस्वल तिच्यात दोन हजार पिक्सेल भरतं. उत्तम फोटोला हे भरपूर झालं. उलट १५ सेंटिमीटरचा पक्षी ३० मीटरवर जेमतेम पाचशे पिक्सेलचा असतो. त्याला पडदाभर मोठा केला तर तो मेणाचाच दिसणार, त्यात तुमची किंवा लेन्सची काही चूक नाही. जेपेगमध्ये काढत असाल तर कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन कमीत कमीवर आणा, निदान असलेली पिसं तरी ते पुसणार नाही.

जवळ जाऊन हा प्रश्न सोडवायचा मोह सगळ्यांनाच होतो. प्राण्याने चरणं थांबवून मान वर केली, कान तुमच्याकडे वळवले, पक्षी एकसारखा इशाऱ्याचा आवाज काढू लागला, की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात; दोन पावलं मागे व्हा. एका जागी बसून राहिलात तर पक्षी बरेचदा आपणहून जवळ येतात. घरट्याजवळ मात्र बसूनही राहू नये.

लेन्सची खरी परीक्षा

वरचं सगळं तपासून झालं आणि शंका उरलीच, तर ट्रेक सोडून द्या आणि एखाद्या ढगाळ सकाळी लेन्सची स्वतंत्र परीक्षा घ्या. ट्रायपॉड, १५-२० मीटरवर बारीक छपाईचा कागद किंवा खडबडीत साल असलेलं झाड, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर बंद, बेस (कॅमेऱ्याचा मूळ, सर्वांत कमी) आयएसओ. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून हाताने फोकस लावा आणि ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून एक, एफ/८ वर एक असे फोटो घ्या. दोन्ही शार्प आले तर लेन्स निर्दोष आहे, वरच्या यादीकडे परत या.

मग तेच ऑटोफोकसने काढा, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावत. डीएसएलआरवर व्ह्यूफाइंडरमधून काढलेले फोटो सातत्याने थोडे पुढे किंवा थोडे मागे फोकस होत असतील, तर मेनूत ऑटोफोकस फाइन ट्यून असतो, त्याने ते दुरुस्त होतं. मिररलेस सेन्सरवरच फोकस मोजतो, त्याला याची गरज सहसा पडत नाही. आणि हाताने फोकस लावूनही फ्रेमची एकच बाजू सॉफ्ट येत असेल, कॅमेरा उलटा धरून काढल्यावरही लेन्सच्या त्याच बाजूला दोष दिसत असेल, तर आतली एखादी काच जागेवरून सरकलीये. हे घरी होणारं काम नाही. सर्व्हिसला देताना या चाचणीच्या रॉ फाइल सोबत द्या, दोष कोणत्या बाजूला आणि कोणत्या ॲपर्चरला दिसतो ते लिहून द्या. नुसतं ‘सॉफ्ट येते’ म्हणून दिलेली लेन्स बहुतेक वेळा पुसून तशीच परत येते.